आधी नोंद, मग उपाय

तुमच्या गावात गेल्या वर्षी किती बाळं दगावली?
आणि कशानं?

गडचिरोलीत हा प्रश्न विचारला
डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी.
त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावोगावी प्रत्येक जन्म नोंदवला.
प्रत्येक मृत्यूही नोंदवला.

हे काम मोठ्या चिकाटीचं.
घरात जन्मलेलं, घरातच गेलेलं बाळ
सरकारी कागदावर अनेकदा येतच नसे.
ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी उपाय कोण शोधणार?

नोंदींतून कारणं दिसली.
न्यूमोनिया. जंतुसंसर्ग. जन्मतःच कमी वजन.

मग गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या.
त्या बाळाचं वजन करत.
श्वास मोजत.
बाळाला ऊब देत.
गरज पडली तर औषधही देत.

नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले.
१९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे जगापुढे मांडलं.
आज आपल्या आशाताई, गावच्या आरोग्य कार्यकर्त्या,
याच वाटेनं बाळंतिणीच्या घरी येतात.

म्हणून पुन्हा सांगते, आधी नोंद, मग उपाय.

आशाताईंना खरी माहिती द्या.
घरातला जन्म असो वा मृत्यू,
२१ दिवसांच्या आत
ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवा.