आन्सीचं तळं आणि न दिसणारा पाइप

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही जूनमध्ये फ्रान्सला जाऊन आलात, तर अर्धा तास बोला आणि फोटो दाखवा." फोटो आहेत, ते शेवटी दाखवतोच. पण नुसतं 'इथे गेलो, हे खाल्लं' सांगून तुमचा वेळ घ्यावा असं वाटलं नाही. म्हणून एकाच गावाबद्दल बोलणार आहे. त्या गावाचं नाव आन्सी.

हे गाव फ्रान्सच्या पूर्व टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी आहे. आमची लेक नोकरीनिमित्त जिनिव्हाला असते. तिथून आन्सी साधारण चाळीस किलोमीटर. बसने दीड तासाच्या आत पोहोचतो. जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आणि आन्सी फ्रान्समध्ये, पण शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. फक्त खिशात फ्रँक आणि युरो दोन्ही ठेवावे लागतात. हा सगळा साव्हॉयचा मुलूख. १८६० साली तो फ्रान्समध्ये सामील झाला, तोवर त्याचं राज्य वेगळं होतं. तिथली माणसं अजूनही आधी स्वतःला साव्हॉयची म्हणवतात आणि मग फ्रेंच. आपण आधी विदर्भाचे असतो, तसंच!

आम्ही उभयता तिथे चार दिवस राहिलो. गावाच्या एका टोकाला तळं आहे. त्यातून तिऊ नावाची छोटी नदी निघते आणि जुन्या गावाच्या मधोमध वाहते. दोन्ही बाजूंना पिवळी, गुलाबी, विटकरी घरं, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या आणि खाली कमानींचे बोळ. पाऊस आला तरी कमानींखालून कोरडं फिरता येतं. नदीच्या ऐन मध्यात होडीच्या नाळेसारखी टोकदार अशी दगडी इमारत आहे, पॅले द लील. बांधणी मध्ययुगातली. कधी तुरुंग, कधी न्यायालय, कधी टाकसाळ, असे सगळे अवतार तिने पाहिलेत. आता तिथे संग्रहालय आहे. आन्सीचा फोटो तुम्ही कुठे पाहिला असेल, तर तो बहुधा याच इमारतीचा.

मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी या बोळांत बाजार भरतो. भाजी, मध आणि चीज. तिथलं रेब्लोशों नावाचं चीज बटाट्यावर वितळवून एक पदार्थ करतात, त्याला तार्तिफ्लेत म्हणतात. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. आधीच सांगून बिनमांसाचं मागायचं, काही ठिकाणी करून देतात. आमच्या सौ.ने मात्र पहिल्या दिवशीच जाहीर केलं, "चीज छान आहे, पण सोबत लोणचं पाहिजे होतं."

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. विचारवंत रूसो पंधरा वर्षांचा असताना, १७२८ मध्ये, घरदार सोडून याच गावात आला होता. आणि चित्रकार सेझानने १८९६ मध्ये तालोआर या काठावरच्या गावी मुक्काम करून तळ्याचं चित्र काढलं. ते आज लंडनमध्ये आहे.

आता तळ्याकडे वळू. लांबी चौदा किलोमीटरच्या आसपास. सर्वांत खोल जागी ८२ मीटर, म्हणजे साधारण पंचवीस मजली इमारत सहज बुडेल. तिथे तळाशी बूबियो नावाचा झरा आहे, तो आतून पाणी देतो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी कोरलेल्या खोऱ्यात हे पाणी साठलंय. पूर्वेला तूर्नेत हे २,३५१ मीटर उंचीचं शिखर, पश्चिमेला सेमनोची लांबलचक डोंगररांग. मध्येच द्वँ नावाच्या गावाची चिंचोळी जमीन पाण्यात घुसलीय, तिच्या टोकावर किल्ला आहे. पश्चिम काठाने पूर्वी रेल्वे होती. ती बंद झाल्यावर रुळांच्या जागी सायकलचा रस्ता केला. द्वँजवळचा जुना बोगदाही आता सायकलवाल्यांचा. आम्ही दोघांनी भाड्याने सायकली घेतल्या. बासष्टाव्या वर्षी! अर्ध्या वाटेवर एका बाकावर बसून डबा खाल्ला. वर आकाशात रंगीत छत्र्या तरंगत होत्या. कोल द ला फोर्क्ला या खिंडीतून पॅराग्लायडर उडी घेतात आणि खाली दूसार गावाच्या माळावर उतरतात.

पण मंडळी, मला सर्वांत जास्त आश्चर्य कशाचं वाटलं सांगू? पाण्याचं. एवढं मोठं शहर काठावर आहे. आसपासची गावं २०१७ मध्ये त्यात विलीन झाली, त्यामुळे लोकवस्ती सव्वा लाखाच्या वर. हजारो पर्यटक येतात. तरी गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाची नखं दिसतात. लोक त्यात पोहतात. आणि शहराचं पिण्याचं पाणीही याच तळ्यातून घेतात.

मला वाटलं होतं, डोंगरातलं तळं आहे, बर्फाचं पाणी आहे, तर स्वच्छ असणारच. लेकीने सांगितलं, "बाबा, हे असं राखलंय." मग तिच्याकडून आणि तिथल्या माहितीफलकांवरून जे समजलं, ते तुम्हाला सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे तळं आजारी पडलं होतं. काठावरची घरं, हॉटेलं, गावं, सगळ्यांचं सांडपाणी सरळ तळ्यात जात होतं. यात एक साधी गोष्ट आहे, मुलांनीही ऐकावी. मैल्यातून आणि साबणातून पाण्यात जे जातं, ते शेवाळाचं खत असतं. शेवाळ वाढतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मग मासे गुदमरतात. त्यातून आन्सीच्या तळ्याचं पाणी पूर्ण बदलायला सुमारे चार वर्षं लागतात. म्हणजे आज टाकलेली घाण लगेच वाहून जात नाही.

हे आधी ओळखलं ते पॉल सेर्वेता नावाच्या तिथल्या एका डॉक्टरांनी. माणसांच्या डॉक्टरने तळ्याची नाडी पाहिली म्हणा ना! तळं मरतंय, हे ते लोकांना सांगत राहिले. शहराचे महापौर होते शार्ल बोसाँ. त्यांनी ते मनावर घेतलं. आणि १९५७ मध्ये काठावरच्या आठ नगर-गावांनी मिळून एक संयुक्त मंडळ स्थापन केलं. आपण सहकारी संस्था म्हणतो ना, तशीच ती. फक्त सभासद माणसं नव्हती, गावं होती.

त्यांनी काय केलं? तळ्याभोवती जमिनीखालून सांडपाण्याचा मोठा पाइप घातला. काठावरच्या गावांचं मैलापाणी तळ्यात न जाता त्या पाइपात जातं, तळ्याच्या खालच्या अंगाला शुद्धीकरण केंद्रात पोहोचतं आणि शुद्ध झालेलं पाणी पुढे फिएर नदीत सोडतात. शुद्ध केलेलं पाणीसुद्धा परत तळ्यात नाही! कामाला १९६०च्या दशकात सुरुवात झाली आणि ते पुढे अनेक वर्षं चाललं. तो काळ आठवा. युरोपात पर्यावरण हा शब्दसुद्धा लोकांच्या तोंडी नव्हता. पाइप म्हणजे खर्च, खोदलेले रस्ते, वाढलेला कर. आणि मिळणार काय, तर जमिनीखाली गाडलेली वस्तू. तिचं उद्घाटन करून फोटो काढावा, अशी ती गोष्ट नव्हे.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते असं. सात गावांनी पाइप घातला आणि आठव्याने नाही म्हटलं, तर तळं मैलंच राहणार. पाण्याला गावाची हद्द समजत नाही. म्हणून 'आधी त्यांनी करावं, मग आम्ही' असं म्हणण्याची सोयच नव्हती. आठही गावांना एकदम हो म्हणावं लागलं. आज त्या तळ्याची गणना युरोपातल्या अगदी स्वच्छ तळ्यांत होते. काठावर बसून आइस्क्रीम खाणाऱ्या पर्यटकाला मात्र तो पाइप दिसत नाही. मलाही दिसला नाही.

सगळं आलबेल आहे असंही नाही. उन्हाळ्यात गर्दी इतकी की रस्ते तुंबतात. घरं महाग झालीत, तरुणांना परवडत नाहीत, असं तिथली माणसं सांगतात. तळं सुंदर ठेवलं म्हणून सगळे तिथे यायला लागले, हीच आता अडचण.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे सगळं आम्हाला नागपुरात कशाला? तर आधी एक जुनं नातं सांगतो. आपल्या शहरातली एसएफएस शाळा आणि कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं नाव सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांचं. जिनिव्हाच्या या बिशपना आन्सीतूनच कारभार पाहावा लागला. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ साली आन्सीतच स्थापन झाला आणि तिथूनच ती मंडळी नागपूरला आली. म्हणजे आपल्या कितीतरी मुलांच्या शाळेच्या दप्तरावर आन्सीचाच माणूस होता!

आणि तळी तर आपल्याकडेही आहेत. अंबाझरीचं पाणी एकेकाळी नागपूरकर प्यायचे. आज प्यायला कोणी देईल का? आपल्या गेटबाहेरच्या नाल्यातून जे जातं ते नाग नदीत, तिथून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या धरणात. म्हणजे आपल्या न्हाणीघरातलं पाणी भंडाऱ्याच्या कोणा शेतकऱ्याच्या दारात पोहोचतं. आपण त्याला ओळखत नाही, एवढंच.

येत्या सर्वसाधारण सभेत एक विषय आहे, तुम्ही सूचना वाचली असेल. आपण आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनी मिळून सांडपाणी शुद्ध करण्याची एक सामाईक व्यवस्था करायची आणि ते पाणी बागांना व फ्लशला वापरायचं. गेले दोन महिने जिन्यात, लिफ्टमध्ये, कट्ट्यावर मी सगळ्या बाजू ऐकल्या. कोणी म्हणतं, आपल्या नळाला पाणी येतंय ना, मग नाल्याची काळजी आपण कशाला करायची? कोणी म्हणतं, शेजारच्यांनी आधी ठराव करावा. शेजारचेही तेच म्हणताहेत, आपल्याबद्दल! ज्यांचं निवृत्तिवेतन ठरलेलं आहे, त्यांची खर्चाची चिंता खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. माझंही निवृत्तिवेतनच आहे. हप्ते कसे पाडायचे, एकट्या राहणाऱ्या आजींना सवलत कशी द्यायची, हे सभेत बसून ठरवता येईल. मत कोणी कुठे द्यावं हे मी सांगणार नाही. फक्त 'आधी त्यांनी' हे कारण मात्र देऊ नका, एवढीच विनंती.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे मोकळा माळ होता, तेव्हा सभासदांनी सामाईक बोअरवेलसाठी वर्गणी काढली. तेव्हाही काहींना वाटलं होतं, 'आपल्याला कुठे लागणार?' आज आपण सगळे तेच पाणी वापरतो. ज्यांनी तेव्हा पैसे भरले, त्यांतले तिघे-चौघे आज आपल्यात नाहीत. पण त्यांचं काम जमिनीखाली अजून चालू आहे.

चला, आता दिवे बंद करा, फोटो लावतो. पहिला फोटो पॅले द लीलचा. सायकलवरच्या सौ.चाही एक आहे, तो तिच्या परवानगीने दाखवतोय.

 सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना मनापासून शुभेच्छा.