कुत्र्याच्या अंगावरचे डांबर



उन्हाळ्यात जागोजागी रस्त्यांची कामे निघतात. कडेला सांडलेले डांबर उन्हाने मऊ होते आणि एखादे कुत्रे नेमके त्यातच जाऊन बसते. मग कोणीतरी कळवळून रॉकेल नाहीतर थिनर घेऊन धावतो. तसे करू नका, हे सांगण्यासाठी मी आज आलो आहे.

रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाईन यांनी डांबर सुटते, पण कातडीही भाजते. शिवाय कुत्रे अंग चाटते. त्याच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच चाला. रॉकेल गिळताना किंवा उलटीबरोबर फुप्फुसात उतरले, तर न्यूमोनिया होऊन जीवही जाऊ शकतो.

खरा उपाय स्वयंपाकघरात आहे. फणस चिरताना आपण हाताला तेल लावतो, कारण चीक पाण्याने निघत नाही. डांबराचेही तसेच. शेंगदाण्याचे, सोयाबीनचे, खोबऱ्याचे, कोणतेही साधे खाद्यतेल घ्या. बोटांनी केसांत जिरवा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या, जुन्या फडक्याने पुसा आणि पुन्हा लावा. राजस्थानात उदयपूरच्या ‘ॲनिमल एड अनलिमिटेड’ या संस्थेने डांबरात माखलेली कुत्री अशीच तेलाने चोळून मोकळी केली आहेत. डांबर सुटले की बेसन किंवा कणीक भुरभुरून तेल टिपा. शेवटी कोमट पाणी आणि कुत्र्यांचा शाम्पू. आपल्या साबणाने त्यांची कातडी कोरडी पडते.

केसांत डांबराऐवजी च्युइंगम चिकटले असेल, तर त्याला आधी बर्फ लावा. ते कडक होऊन तुटते. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असू शकते. ते कुत्र्याला विषारी असते, म्हणून कुत्र्याने ते गिळले असेल तर लगेच डॉक्टर गाठा. केस कापावेच लागले, तर कातडी आणि गुंता यांच्यामध्ये कंगवा धरा व कात्री कंगव्याच्या वरूनच चालवा. नाहीतर गुंत्याबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कापते.

डांबर गरम असेल तर ओढू नका. त्यावर गार पाणी सोडत राहा आणि पशुवैद्याकडे न्या. डोळे, कान किंवा नाकपुड्या माखल्या असतील, तरीही घरी प्रयोग नकोत.

रस्त्याची कामे करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. संध्याकाळी निघताना डांबराच्या पिंपांवर झाकण घाला आणि सांडलेल्या डांबरावर वाळू टाका. एवढ्याने एका मुक्या जिवाचे हाल टळतील.