३४ आणि ६४



दीक्षान्त भाषणात थोर शास्त्रज्ञांची नावं घ्यायची रीत आहे. मी दोन आकडे घेऊन आलोय. ३४ आणि ६४.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी बाईची आयुष्यात एकदाच तपासणी करता येणार असेल, तर कोणती करावी? ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले. एकात या कॅन्सरमागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावायचं आणि मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. चौथ्या गटाला तपासणी नाही, नेहमीच्या आरोग्यसेवा तेवढ्या.

प्रबंधात आपण 'नमुना संख्या' लिहून पुढे जातो. तिथे जरा थांबा. आपल्याकडची बाई पांढरं जातंय हे नवऱ्यालाही सांगत नाही, गर्भाशयाला 'पिशवी' म्हणते आणि तेही आवाज खाली आणून. तिला काहीही होत नसताना कुणीतरी दारात येऊन सांगतं, तपासणीला चला. खुरपणीचा रोज बुडणार. परक्या माणसांसमोर टेबलावर झोपायचं, दिव्याच्या उजेडात, आणि पेशी घेणाऱ्या त्या लहानशा ब्रशचा गार स्पर्श. सासू विचारणार, तुला झालंय तरी काय? तरीही हजारोंनी बायका आल्या.

या आजाराची गंमत अशी (गंमत हा शब्द डॉक्टरच वापरू जाणे) की तो आधी संसर्ग असतो. एचपीव्हीची लागण पुष्कळ जणींना होते आणि बहुतेकींची प्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत विषाणू हुसकून लावते. थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो. तिथून कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. इतकी उसंत देणारे कॅन्सर फार नाहीत, आणि ती उसंत आपण बहुधा वाया घालवतो.

२००९ साली निकाल छापून आला. आठ वर्षांत, विषाणूची चाचणी झालेल्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४. पॅप आणि आम्लाच्या गटांत मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत. आमची पिढी पॅपवर वाढलेली, त्यामुळे हे पचायला मला वेळ लागला.

पण मला जास्त अडवतो तो ६४ हा आकडा. चौथा गट नसता तर ३४ला काही अर्थच उरला नसता. या गटावरून पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. उपाय असू शकतो हे ठाऊक असताना काही गावांना तो द्यायचा नाही, हा निर्णय कुणीतरी टेबलाशी बसून घेतो. उद्या त्या टेबलाशी तुम्ही असाल. तेव्हा सोपं उत्तर घेऊन बसू नका.

याला आणखी एक शेपूट आहे. २००९मध्येच एचपीव्हीच्या लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहायला देशभर चाचणी सुरू झाली. बार्शी त्यातही होती. पुढच्याच वर्षी दुसऱ्याच एका लसप्रकल्पावरून गदारोळ झाला आणि सरकारने अशा चाचण्या थांबवल्या. हजारो मुलींचा एकच डोस होऊन राहिला. ठरलेला प्रयोग मोडला. पण संशोधकांनी फाइल बांधून ठेवली नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन सासरी गेल्या, तरी वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. आणि दिसलं असं की १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एक डोसही जवळजवळ तितकंच संरक्षण देतो. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाला मान्यता दिली, त्यामागे जे पुरावे होते त्यांत या मुलीही आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला आपल्याकडे परवानगी मिळाली.

भाषण संपलं. एक काम मात्र आजचंच आहे. मागच्या रांगांमध्ये तुमच्या आया बसल्या आहेत, कुणाची मावशी, कुणाची थोरली बहीण. फोटो काढून झाले की त्यांना बाजूला घ्या आणि विचारा, तुझी तपासणी झाली आहे का? नाही म्हणाली, तर याच आठवड्यात सोबत जा.