शाळा आणि उपचारकक्ष यांच्यामधली चिठ्ठी

(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



वडगाव निंबाळकरसारख्या गावात मुलाला ताप आला, तर कोणाकडे न्यायचे हे घरातली आजीही सांगते. तेच मूल वर्गात महिनाभर गप्प बसू लागले, की सारे घर गोंधळते. शिक्षक सुचवतात, "बारामतीला दाखवून आणा." पालक जातात, तज्ज्ञ घटकाभर बोलतात, उपचार सुरू करतात. पुढे काय झाले हे शाळेला कळत नाही आणि शाळेने काय पाहिले होते हे तज्ज्ञांना कळत नाही.

समजा, आठवीतली मुलगी शाळा टाळते आहे. आई तज्ज्ञांना सांगते, पोट दुखते. ते चाचणीच्या दिवशीच दुखते, ही गोष्ट केवळ वर्गशिक्षकांना ठाऊक असते. औषधाने तिला वर्गात झोप येऊ लागली, तर ती आळशी ठरते, उभी केली जाते. उपचार योग्य, शिक्षक सद्हेतूचे. नुकसान मात्र मुलीचे.

मानसशास्त्र आणि शिक्षण यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी उभी केली ती मानसशास्त्राच्या अभ्यासावरच. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० पासून मानसिक आरोग्याचे संस्थात्मक काम चालू आहे. उणीव आहे ती तालुक्याच्या पातळीवर. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असेही सांगितले. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथपर्यंतचा रस्ता आहे, एस.टी. आहे. नाही ती चिठ्ठी.

ती चिठ्ठी कशी असावी? रोगाचे नाव शिक्षकांनी लिहूच नये. काय दिसले, केव्हापासून, आठवड्यातून किती वेळा, घरी काय बदलले, एवढे पानभर पुरते. 'हट्टी', 'वेडसर' असे शब्द त्यात आले, की ती चिठ्ठी चुगली ठरते. तज्ज्ञांच्या उत्तरातही निदान असण्याची गरज नाही. चाचणीला वेळ वाढवून द्यावा का, औषधाने झोप येईल का, कोणते लक्षण दिसताच कळवावे आणि पुढची भेट केव्हा, हे शाळेला हवे असते.

येथे गोपनीयतेचा प्रश्न येतो, आणि गावात तो शहरापेक्षा बिकट आहे. शिक्षककक्षातली गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. मुलीची असेल तर सोयरिकीपर्यंत. या भयानेच कित्येक पालक उपचार अर्ध्यावर सोडतात, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. म्हणून पालकांची लेखी संमती आधी घ्यावी, मुलाला विश्वासात घ्यावे आणि शाळेत ही माहिती नेमक्या एकाच व्यक्तीकडे, कुलपात राहावी. मुख्याध्यापकांनाही सूचना कळल्या की पुरे. कारण कळलेच पाहिजे असे नाही.

अपवाद आहेत. मूल जीव देण्याची भाषा करू लागले, तर चिठ्ठीची वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता पालकांना आणि तज्ज्ञांना तत्काळ दूरध्वनी करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; तेथे गुप्ततेची सबब चालत नाही.

आणखी एक वर्ग सहसा विसरला जातो. सोमेश्वर परिसरात ऊसतोडीसाठी येणाऱ्या कुटुंबांची मुले गळीत हंगाम संपताच गावी परततात. येथल्या तज्ज्ञांकडचे कागद येथेच राहतात आणि तिकडची शाळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. त्यांच्या बाबतीत चिठ्ठीची एक प्रत बंद पाकिटात पालकांच्या हाती द्यावी, आणि त्यांना वाचता येत नसेल तर ती त्यांना आधी वाचून दाखवावी.