मरणापलीकडचे माणसाला किती कळते?
(ट्रस्टच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



निरनिराळ्या धर्मांतील मरणोत्तर जीवनाच्या कल्पना हा विषय चालकांनी या मालेसाठी निवडला आणि इस्लामची बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय अफाट आणि वेळ अर्ध्या तासाची. त्यात एक अडचण आहे, ती आधीच सांगून टाकतो. इस्लामातील परलोक म्हटले की श्रोत्यांची अशी अपेक्षा असते की वक्ता आता स्वर्गातील बगीचे, नरकाचा अग्नी, केसाहून बारीक असा तो पूल, कबरीत प्रश्न विचारणारे दोन फिरिस्ते यांचे साद्यंत वर्णन करील. ही वर्णने आमच्या ग्रंथांत आहेत आणि विपुल आहेत. परंतु त्याच ग्रंथांनी माणसाच्या समजुतीला या बाबतीत एक कुंपणही घातलेले आहे. त्या कुंपणाविषयी आमच्या मशिदींतूनही फारसे बोलले जात नाही. आज त्याविषयीच थोडे बोलणार आहे.

कागलचा गैबीपीर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्या उरुसाला जाऊन आलेली मंडळीही येथे असतील. म्हणजे ‘गैबी’ हा शब्द मराठी कानाला परका नाही. गैब म्हणजे जे इंद्रियांच्या व बुद्धीच्या आटोक्याबाहेर आहे ते. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच श्रद्धावंतांची लक्षणे दिली आहेत, आणि त्यांतले पहिले लक्षण असे की ते गैबवर विश्वास ठेवतात. गैब जाणणारे असा शब्द तेथे नाही. पुढे सतराव्या अध्यायात लोक पैगंबरांना आत्म्याविषयी विचारतात, तेव्हा उत्तर मिळते ते एवढेच की तो ईश्वराच्या आज्ञेतला विषय आहे आणि तुम्हांला ज्ञान दिले आहे ते थोडे. बत्तिसाव्या अध्यायात सांगितले आहे की सज्जनांसाठी डोळे निवविणारे काय राखून ठेवले आहे ते कोणत्याही जिवाला ठाऊक नाही. मग ते बगीचे आणि नद्या कशासाठी? पैगंबरांचे चुलतबंधू इब्न अब्बास हे कुराणाचे आद्य भाष्यकार मानले जातात. त्यांच्या नावावर असे मत नोंदलेले आहे की इहलोकातल्या वस्तू आणि स्वर्गातल्या वस्तू यांत नावापलीकडे साम्य नाही. द्राक्ष हा शब्द तेवढा आपल्या ओळखीचा. त्याचा अर्थ तेथे गेल्यावर कळणार.

विजापूरच्या गोलघुमटाला आपली मुले शाळेच्या सहलीतून दरवर्षी जातात. घुमटाखालच्या ओट्यावर लाकडी छत्राखाली कबरी दिसतात, त्यांनाच बहुतेक जण मुहम्मद आदिलशहाची व त्याच्या कुटुंबीयांची थडगी समजून परततात. १६५६ साली वारलेला तो सुलतान तेथे नाही. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. वर आहेत त्या नुसत्या खुणा. परलोकाची वर्णने मी अशीच वाचतो. खूण खोटी नसते, ती नेमक्या जागेवरच बांधलेली असते. परंतु पुरलेले खाली असते.

आता हदीसमधील, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व आचरण यांच्या परंपरेतील, दोन प्रसंग सांगतो. मदिनेत एकदा शुभ्र वस्त्रांचा एक अनोळखी गृहस्थ सभेत आला. प्रवासाची धूळ त्याच्या अंगावर नव्हती आणि गावात त्याला कोणी ओळखतही नव्हते. त्याने इस्लाम म्हणजे काय, श्रद्धा म्हणजे काय, असे प्रश्न केले आणि त्यांची उत्तरे त्याला मिळाली. शेवटी त्याने विचारले, कयामत केव्हा होणार? त्यावर पैगंबर म्हणाले की ज्याला विचारले आहे त्याला विचारणाऱ्याहून अधिक माहीत नाही. तो गृहस्थ निघून गेल्यावर लोकांना कळले की तो जिब्रील फिरिस्ता होता. म्हणजे वही आणणारा आणि वही घेणारा, दोघेही या प्रश्नावर थांबले.

दुसरा प्रसंग मला अधिक जवळचा वाटतो. मक्केहून आलेल्या निर्वासितांना मदिनेच्या लोकांनी चिठ्ठ्या टाकून आपापल्या घरी वाटून घेतले. त्यांत उस्मान इब्न मजऊन हे उम्मुल-अला नावाच्या बाईंच्या घरी आले. तेथेच ते आजारी पडले. बाईंनी शुश्रूषा केली, पण ते वाचले नाहीत. कफन घातल्यावर बाई प्रेताला उद्देशून म्हणाल्या की ईश्वराने तुमचा गौरव केला आहे याची मी साक्ष देते. पैगंबर जवळ होते. त्यांनी विचारले, तुम्हांला कसे कळले? यांच्याविषयी मीही भल्याचीच आशा करतो, परंतु मी ईश्वराचा प्रेषित असूनही माझे काय होणार हे मला माहीत नाही. उस्मान साधे गृहस्थ नव्हते. रात्रीच्या रात्री नमाजात काढणारे होते. तरीही त्यांच्या बाजूची साक्षसुद्धा मान्य झाली नाही. मग कोणाच्या विरुद्ध साक्ष देण्याचा अधिकार कोणाला असणार?

हे मी मुद्दाम सांगतो. कबरीतल्या यातनांची मोजमापे देणाऱ्या चोपड्या उरुसाच्या बाजारात पाहाव्या तितक्या मिळतात. साप किती हात लांब, हातोडा किती वजनाचा, हे त्यांतले लेखक जणू तराजू घेऊन पाहून आले आहेत! माझ्या ओळखीच्या एका बाईंचा तरणा मुलगा पाण्यात बुडून गेला. त्याचा नमाज नियमित नव्हता. तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आलेल्या एका जाणत्या म्हणविणाऱ्या नातलगाने अशाच चोपडीतले काही त्या माउलीला ऐकविले. पुढे कित्येक महिने ती रात्री दिवा मालवू देत नसे. मुलगा अंधारात आहे म्हणे. तिला मग एका वृद्ध मौलवींनी सांगितले की बुडून मेलेल्याला हदीसमध्ये हुतात्म्यांत गणले आहे, ही आशा धर. आणि याहून अधिक सांगणाऱ्याला विचार, तू केव्हा जाऊन आलास? माझ्या मते त्या मौलवींनी एका वाक्यात सगळे धर्मशास्त्र सांगितले.

शास्त्रकारांनीही या कुंपणाशी झुंज घेतली आहे. इ. स. १०३७ मध्ये वारलेला इब्न सीना हा वैद्य आणि तत्त्वज्ञ, बुद्धीचा केवढा अभिमानी! पण देहासकट पुनरुत्थान ही गोष्ट बुद्धीने सिद्ध होत नाही, ती धर्माच्या आधारानेच स्वीकारावी लागते, असे त्याने लिहून ठेवले. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी तत्त्वज्ञांवर टीकेची झोड उठविली, त्यांत देहाचे पुनरुत्थान नाकारणे हा एक मोठा आरोप होता. अश्अरी पंथाच्या पंडितांनी तर एक सूत्रच केले, ‘बिला कैफ’, म्हणजे ‘कसे’ हे न विचारता. जे सांगितले ते मानायचे, त्याचा प्रकार विचारावयाचा नाही. आधुनिक काळात कवी इक्बाल यांनी १९२९ मध्ये मद्रास, म्हैसूर व हैदराबाद येथे व्याख्याने दिली. ती मालिका पुढे ग्रंथरूप झाली. तीत स्वर्ग व नरक ही स्थळे नसून अवस्था आहेत असे प्रतिपादन आहे. विचार उंच आहे, पण मला वाटते की ‘अवस्था आहे’ असे ठामपणे म्हणणाराही कुंपण थोडे ओलांडतोच. असो. कठोपनिषदातला यमसुद्धा नचिकेताला प्रथम म्हणतो की दुसरे काही माग. या प्रश्नावर देवांनाही संशय होता. आपल्या घरांतून ही कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून तिचा उल्लेख केला. दोन्ही विचारांत भेद पुष्कळ आहेत, ते मी पुसू इच्छीत नाही. नचिकेताला शेवटी उत्तर मिळते. जिब्रीलला मिळाले नाही.

आपल्याच मुलखातले शिशुनाळचे संत शरीफसाहेब (१८१९–१८८९) जन्माने मुसलमान, गुरू कळसचे गोविंद भट्ट. त्यांची कन्नड पदे हुबळी-धारवाडात आजही घरोघर म्हटली जातात. त्यांतली कित्येक कोड्यासारखी आहेत; ऐकणारा हसतो आणि मग गप्प बसतो. शिशुनाळला त्यांच्या स्थानी दोन्ही समाजांचे लोक येतात. शरीफसाहेब आता कोणत्या स्वर्गात असतील, यावर तेथे भांडण झाल्याचे माझ्या तरी कानांवर आलेले नाही.

आता ट्रस्टच्या कामाशी निगडित प्रश्नाकडे येतो. एका सभासद भगिनींनी मला आधी चिठ्ठी पाठविली: आम्ही वडिलांच्या नावाने येथे शिष्यवृत्ती ठेवली आहे, तुमच्या धर्माप्रमाणे त्याचे फळ मृताला पोचते का? प्रश्न उत्तम आहे, आणि पंडितांनी त्यावर शेकडो वर्षे वाद केलेला आहे. कुराणात एके ठिकाणी म्हटले आहे की माणसाला त्याने स्वतः केलेल्या प्रयत्नांचेच मिळते. म्हणून मृतासाठी केलेल्या कुराणपठणाचे पुण्य त्याला पोचत नाही, असे शाफई पंथाचे प्रसिद्ध मत. कोकणातले मराठी बोलणारे मुसलमान आणि आमच्या भटकळचे नवायत या पंथाचे. हनफी पंथ म्हणतो, पोचते. हुबळीतील बहुतेक मुसलमान हनफी. एकाच कबरस्तानात दोन मतांची माणसे तीन तीन मुठी माती देतात. दान आणि प्रार्थना यांचा लाभ मृताला होतो, याविषयी मात्र या दोन्ही पंथांचे एकमत आहे. आणि हदीसमध्ये असे आहे की माणूस मेला की त्याची कर्मे थांबतात, तीन सोडून: चालू राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारी विद्या, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणारे सदाचारी अपत्य. ज्या शिष्यवृत्तीविषयी भगिनींनी विचारले, तीत या तिन्ही गोष्टी आल्या आहेत असे मला वाटते.

ते फळ कसे पोचते, कोणत्या रूपाने, मृताला त्याची जाणीव होते की नाही, हे मला विचारू नका. साद इब्न उबादा यांची आई वारली तेव्हा ते घरी नव्हते. परत आल्यावर त्यांनी पैगंबरांना विचारले की मी तिच्या वतीने दान दिले तर तिला उपयोग होईल का? उत्तर आले, होय. ‘कसा’ हा पुढचा प्रश्न त्या कथनात नाही. सादनी तेथल्या तेथे पैगंबरांना साक्षी ठेवून आपली फळबाग आईच्या वतीने दान केली. त्या बागेचे नाव मिखराफ होते.