गोरेपणाचा बाजार आणि नाकावरचा चिमटा



माणसाला आधी गरज भासते आणि ती भागविण्यासाठी वस्तू निर्माण होते, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात हा क्रम उलटा आहे. तेथे आधी उणेपणा निर्माण करावा लागतो. वस्तू मागाहून विकली जाते. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम भारतात विक्रीस आले. सावळा वर्ण हा काही रोग नव्हे. परंतु जाहिरातींनी त्याला व्याधी ठरविले आणि नोकरी व विवाह ही उपचाराची फलश्रुती म्हणून दाखविली. जातीच्या उतरंडीने आणि ‘गोरी वधू पाहिजे’ या मागणीने जमीन आधीच नांगरून ठेवली होती. भांडवलाने तीत बी पेरले, एवढेच. पुढे लहान पुड्यांमुळे ते क्रीम रोजंदारीच्या मजुरीतही बसू लागले. २०२० साली नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. नफ्याचे मूळ मात्र तेच राहिले.

याचा अर्थ नटण्यालाच विरोध करावा असा नाही. दिवसभर राबून संध्याकाळी गजरा माळणाऱ्या कामगार स्त्रीला चैनीचा दोष देणे हा निव्वळ करंटेपणा होय, आणि तो आपल्या काही कार्यकर्त्यांत आढळतो. नटण्यात आनंद असतो. बाजार विकतो ती लाज.

लोकप्रिय चित्रपट या व्यवहारात निर्दोष नाही. नटनट्यांनीच या क्रीमांना आपले चेहरे दिले. २०१९ च्या ‘बाला’ या हिंदी चित्रपटाचा एक विषय वर्णावरून होणारी अवहेलना हा होता. तरीही सावळ्या नायिकेसाठी अभिनेत्रीचा वर्ण रंगभूषेने गडद करण्यात आला! सावळी अभिनेत्री या देशात दुर्मिळ आहे काय? १९७७ साली ‘जैत रे जैत’मध्ये आणि १९८२ साली ‘उंबरठा’मध्ये स्मिता पाटील यांचा सावळा चेहरा महाराष्ट्राने डोळे भरून पाहिला होता.

तथापि, चित्रपट म्हणजे केवळ अफू, असे म्हणून त्याकडे पाठ फिरविणेही चुकीचेच. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील (२०१३) जब्या हा कैकाडी समाजातील काळासावळा मुलगा. वरच्या जातीतील शालू त्याला आवडते. तो चेहऱ्याला पावडर लावतो, नाक सरळ व्हावे म्हणून त्याला चिमटा लावतो आणि काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ भटकतो. प्रेक्षक प्रथम हसतो. पण चित्रपट त्या मुलाला हास्यास्पद होऊ देत नाही. त्याच दिग्दर्शकाच्या ‘सैराट’मधील (२०१६) आर्ची ट्रॅक्टर चालवीत येते. तिचा वर्ण कोणता, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही आणि त्या चित्रपटाने मराठीतील कमाईचे तोवरचे उच्चांक मोडले. लोकांना गोरेच चेहरे हवे असतात, ही निर्मात्यांची जुनी सबब तेव्हाच निकालात निघाली.

आपल्या मंडळींत ‘फँड्री’वर चर्चा होते ती शेवटी जब्याने भिरकावलेल्या दगडाची. तो दगड जातीवर आहे, हे खरेच. नाकावरच्या चिमट्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही; आणि आपल्या घरांतील मुली आरशासमोर उभ्या असतात त्या त्याच चिमट्यासह.