तंजावरच्या घरातील इंग्रजी

व्यंकोजीराजांबरोबर व त्यांच्यामागून तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांत घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि शाळा-कचेरीत इंग्रजी असा व्यवहार आढळतो. एकच साधे वाक्य तेथील मुलाला तीन प्रकारे रचावे लागते. ‘मला हे सोडून द्यायला हवे’ हे वाक्य उदाहरणादाखल पुरे आहे.

मराठीत ‘सोडणे’ ही मुख्य क्रिया आधी येते, ‘देणे’ तिला पूर्णता आणते आणि कर्तव्याचा भाव सांगणारे ‘हवे’ शेवटी बसते. तमिळमध्ये ‘नान् इदै विट्टुविड वेण्डुम्’ म्हणतात. क्रम तोच, मात्र ‘मला’च्या जागी ‘मी’ या अर्थाचे ‘नान्’ येते. इंग्रजीत ‘आय शुड गिव्ह धिस अप’ असे होते. येथे कर्तव्य आधी, क्रिया मागून, आणि मराठीतल्या ‘देणे’चे काम शेवटी लटकणारा ‘अप’ हा चिमुकला शब्द करतो. कर्ता मात्र तमिळप्रमाणे ‘मी’च राहतो. तेव्हा मराठीने अडवलेली वाट तंजावरच्या मुलाला तमिळ मोकळी करून देते.

‘शुड’, ‘मस्ट’, ‘कॅन’ यांच्यापुढे क्रियापद मूळ रूपातच राहते; ‘ही मस्ट गिव्ह्ज अप’ म्हणता येत नाही. सर्वनाम आले तर ते मधे शिरते: ‘गिव्ह इट अप’. पण ‘लुक इन्टु’सारख्या जोडीत ते मधे शिरत नाही. याला पाठांतरावाचून उपाय नाही.

खरी अडचण रचनेची नव्हे, अदबीची आहे. अर्ज घेऊन कचेरीत गेलेला गृहस्थ मनात म्हणतो, ‘साहेब, आपण यात लक्ष घालायला हवे.’ सारी नम्रता ‘आपण’ या शब्दात आली. तमिळमध्ये ती ‘नींगळ्’ सांभाळतो. त्याचे शब्दशः इंग्रजी होते ‘यू मस्ट लुक इन्टु धिस’. व्याकरणात खोट नाही, परंतु ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. अर्जदाराचे काम अडते आणि आपले काय चुकले, हे त्याला उमगतही नाही.

इंग्रजीत एके काळी ‘तू’ होता. सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांना श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने शिकवले. इंग्रजी गुरूलाही परकीच होती. श्वार्ट्झ १७९८ मध्ये तंजावरातच निवर्तला. त्याच्या थडग्यावर राजांच्या नावे असलेल्या इंग्रजी ओळींत मृताला ‘दाऊ’ या जुन्या एकवचनाने संबोधले आहे. पद्यात ते शोभते. शिष्ट बोलण्यातून ते तेव्हाच गेले होते. लहानथोर सर्वांना एकच ‘यू’ उरल्यावर आदर दाखवण्याचे काम बरेचसे ‘कुड’ आणि ‘वुड’ यांच्याकडे आले.

म्हणून त्या गृहस्थाने ‘कुड यू प्लीज लुक इन्टु धिस’ म्हणावे. पुस्तकी इंग्रजी शिकलेला मनुष्य येथे ‘इन्व्हेस्टिगेट’ वापरू पाहतो. त्याने मात्र पोलिसी चौकशीचा वास येतो. आणि ‘धिस’ऐवजी ‘इट’ म्हणायचे झाले, तरी ते ‘इन्टु’च्या पुढेच ठेवावे.